गाडी कारखान्याला नव्हे, घारापुरीला



दिवाळी सरली की मराठवाड्यात गावोगावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरू लागतात. कोपीचे बांबू, पाचटावर टाकायची पोती, चूल, पिठाचा डबा, शेळी, कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली लेकरे. मुकादमाची उचल अंगावर असते, म्हणून निघावेच लागते. आमच्या माणसांनी महाराष्ट्र पाहिला तो असा, उसाच्या फडातून. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक सगळे पाहिले, पण पन्हाळा कुठे आहे असे विचारले तर सांगता येत नाही. दुसरा प्रवास सहा डिसेंबरचा. तो अभिवादनाचा, त्याला सहल म्हणता येत नाही. निव्वळ पाहण्यासाठी, डोळ्यांना आणि मनाला काही मिळावे म्हणून करायचा तिसरा प्रवास मात्र आमच्या घरांत अजून नवाच आहे. आज त्या तिसऱ्या प्रवासाविषयी लिहायचे आहे.

आमचे जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बाहेरगावच्या गाड्या येथे येतात, माणसे उतरतात, फिरतात, फोटो काढतात. ते पाहतच आमच्या वस्तीतील पोरे मोठी झाली. आपणही कुठेतरी पाहुणे म्हणून जावे, असे बायकांनीच प्रथम काढले. नऊ घरांनी भिशी धरली. दरमहा घरटी तीनशे रुपये, दीड वर्ष. जमा झाले ४८,६०० रुपये. हिशेब आमच्याकडे होता, म्हणून तो येथेही देतो. गाडीभाडे, डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता मिळून ३४,००० गेले. बोट, तिकिटे व किरकोळ कर यांत ६,००० आणि मुंबईतील चार दिवसांच्या मुक्कामात ६,५००. उरलेले २,१०० पुन्हा डब्यात पडले. सतरा माणसांची सहल झाली ती कोणाचे कर्ज न काढता.

गाडी भाड्याची, सतरा आसनांची. टपावर अंथरुणे, तांदळाचे पोते, मोठे पातेले, स्टोव्ह. आत धपाटे, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. सामान चढवताना वस्तीतील एक काकू एकदम थबकल्या. तीस हंगाम त्यांनी ऊस तोडलेला, आता गुडघ्यांमुळे कोयता सुटला आहे. म्हणाल्या, "भाऊ, भांडीकुंडी गाडीत चढली की मला कारखानाच दिसतो. कोयता न घेता पयल्यांदाच निघाले बघा." यावर कोणी काही बोलले नाही.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे जालन्याहून मुंबईच्या तोंडापर्यंतचा रस्ता आता सरळ आहे. पण एक लक्षात ठेवा. सरळ रस्त्यावर चालकाला झोप लागते. रात्रभर गाडी पळवून एक दिवस वाचवण्याचा मोह टाळावा. आम्ही पहाटे निघालो व दिवसाउजेडी पोहोचलो. मुक्काम चेंबूरकडील एका वस्तीतील विहारात होता. गावाकडची माणसे तेथे असल्याने अंघोळीची, चुलीची अडचण पडली नाही. गेटवेजवळ मोठी गाडी उभी करायला जागा मिळणे कठीण, म्हणून गाडी वस्तीतच ठेवून आम्ही हार्बरच्या लोकलने सीएसएमटीला व तेथून बसने गेटवेला गेलो.

घारापुरीच्या बोटी गेटवे ऑफ इंडियापासून सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात. सोमवारी लेणी बंद असतात, हे निघण्यापूर्वीच पाहावे. सुमारे तासाभराचा जलप्रवास आहे. आमच्यातील अकरा जणांनी समुद्र प्रथमच पाहिला. काकूंनी हात बुडवून बोट चाटले आणि विचारले, "एवढं पाणी, अन् एकाला बी पेता येत न्हाई?" टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्यांनाच हा प्रश्न सुचणार.

बोटीत आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या एका वेगवान बोटीची धडक बसली. डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर प्रवाशांनी जीवरक्षक जॅकेट घालण्याची सक्ती झाली. परंतु सक्ती कागदावर असते आणि जॅकेट बाकाखाली. आमची पोरे विहिरीत पोहणारी. ती म्हणू लागली, "आम्हाला येतं पोहायला." विहिरीला काठ हाताशी असतो, समुद्राला नसतो. आम्ही लहान-मोठ्या सगळ्यांना जॅकेट घालायला लावले आणि पट्टे ओढून पाहिले. शेजारची काही मंडळी हसली. हसू द्यावे. आपल्या घरात एका कमावत्या माणसाचा जीव गेला तर पाच माणसे उघड्यावर येतात. जॅकेट मिळेपर्यंत बोट सोडू देऊ नये, तो आपला हक्क आहे.

वाटेत उजवी-डावीकडे मुंबईचे बंदर पसरलेले दिसते. जवाहर द्वीपावर तेलाची जहाजे लागतात, तर पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन उभ्या असतात. या गोद्यांत ओझी वाहिलेली माणसे आपल्यापैकी किती घरांत होती, हे मुंबईकर वाचकांना सांगायला नको.

बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते. काठाला खारफुटीची दाट झाडी, वर हिरव्या टेकड्या. धक्क्यापासून छोटी झुकझुक गाडी आहे, पुढे शंभराहून अधिक पायऱ्या. पायऱ्यांशी खुर्चीच्या डोलीवाले उभे असतात. काकूंचे गुडघे पाहून एकाने डोली पुढे केली. काकू म्हणाल्या, "माणसाच्या खांद्यावर एकदाच बसायचं असतं, अन् तवा आपल्याला कळत नसतं." आणि दर दहा पायऱ्यांना टेकत त्या वर गेल्या. डोलीवाल्याचे पोट त्यावर आहे, त्याला दोष नाही. ज्यांना खरोखर चालवत नाही त्यांनी जरूर बसावे, फक्त दर आधी ठरवावा.

मुख्य लेणे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याचे मानतात. काळा कातळ आत आत कोरत नेऊन खांब शिल्लक ठेवायचे, अशी ही रीत. मध्यभागी दीड-दोन मजली घराएवढी तीन मुखांची मूर्ती आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे लेणे शैव आहे. जुने लेणे दिसले की ते आपलेच, असे म्हणण्याची घाई काहीजण करतात. आपल्याला खोट्या मालकीची गरज नाही, जे खरे आहे तेच पुष्कळ आहे. वेरूळ तर जालन्याच्या माणसाच्या घरामागेच. तेथले २९ क्रमांकाचे धुमार लेणे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना घारापुरीत शिरताच ओळख पटेल. दोन्हींची मांडणी बरीच सारखी आहे. आमच्या सोबतच्या आठवीतल्या मुलीने ते सर्वांच्या आधी ओळखले. शाळेची सहल वेरूळला गेली होती, ती अशी कामी आली.

मूर्तींचे हात-पाय जागोजाग तुटलेले दिसतात. १५३४ मध्ये हे बेट पोर्तुगीजांकडे गेले. त्यांच्या शिपायांनी मूर्तींवर नेमबाजी केल्याचे सांगतात. 'एलिफंटा' हे नाव त्यांचेच. धक्क्याकडे दगडी हत्ती होता, त्यावरून ते पडले. इंग्रजांच्या काळात, १८६४ मध्ये, तो हत्ती विलायतेला नेण्याचा प्रयत्न झाला, पण उचलताना तो फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना तोही दाखवला. बेटावर ज्याचे नाव ऐकले तो समोर दिसल्यावर मुलांना इतिहास वेगळा शिकवावा लागला नाही.

बहुतेक प्रवासी मुख्य लेणे पाहून, दोन फोटो काढून परततात. परंतु बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत व त्या बाजूला कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्या टेकडीला 'स्तूप टेकडी' असेच नाव आहे. शैव लेणे कोरले जाण्याच्या कितीतरी आधी या बेटावर बौद्ध उपासकांचा वावर होता, याची ही खूण. आमच्यातील चालणारी मंडळी विचारत विचारत तिकडे गेली. भव्य काही नाही, हे आधीच सांगतो. झाडोऱ्याने वेढलेला विटांचा उंचवटा आहे. कोणी वीट उचलू नये, मेणबत्त्या लावून काळे करू नये, नाव कोरू नये. क्षणभर शांत उभे राहावे. हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनीही आधी पाणी साठवायची सोय केली होती, हे टाके पाहून कळते. काकूंच्या बोटीतल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेथे मिळाले.

आता बेटावरच्या माणसांविषयी. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन छोटी गावे आहेत. १९८७ मध्ये ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. जगभरातून माणसे येऊ लागली, पण संध्याकाळची बोट सुटली की गावकऱ्यांच्या नशिबी जनरेटरची तीन-चार तासांची वीज. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत होते आणि घरात अंधार होता. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पायऱ्यांवर काकडी, चिंचा, ताक विकणाऱ्या बायांशी एक रुपयासाठी घासाघीस करू नये. आपणही बाजारात पाटी घेऊन बसलेलो आहोत.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पाणी सोबत न्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. माकडे पिशव्या हिसकावतात, तेव्हा शिदोरी उघड्यावर धरू नये. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्याचे तिकीट पडत नाही. शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी, कारण पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "एवढ्या पैशांत पोरांची फी भागली असती." हे म्हणणे खोटे नाही. फी आधीच, पोटही आधीच. परंतु दरमहा तीनशे रुपये आमच्या वस्तीत कुठे कुठे जातात, हे भिशी धरल्यावर बायकांनीच नवऱ्यांना दाखवून दिले. त्या दीड वर्षात दोन घरांतील गुत्त्याची उधारी मिटली. सहलीचा हा फायदा कोणत्याही हिशेबवहीत मांडता येणार नाही.

जी मुले ट्रॉलीवर बसून गाव सोडतात, त्यांना प्रवास म्हणजे शाळा सुटणे एवढेच ठाऊक असते. त्यांनी एकदा तरी पाहुणे होऊन जग पाहिले पाहिजे. नवी भिशी या महिन्यापासून सुरू झाली आहे. यंदा तेरा घरे आहेत आणि कुठे जायचे ते मुलांनी ठरवायचे आहे. आपल्या वस्तीतही डबा ठेवा. कुठे जायचे ठरले ते आम्हाला जरूर कळवा.

तूर्त एवढेच. जयभीम.