व्यावसायिकता म्हणजे मुकाटपणा नव्हे

आयटीत ‘फार प्रोफेशनल आहे हो तो’ असं कोणाबद्दल म्हणतात? मेलला त्याच दिवशी उत्तर देणाऱ्याबद्दल, मीटिंगला दोन मिनिटं आधी हजर असणाऱ्याबद्दल. जो क्लायंटसमोर आवाज चढवत नाही, घरचं रडगाणं ऑफिसात आणत नाही आणि सांगितलेलं काम सांगितलेल्या तारखेला देतो, त्याच्याबद्दल. यातला एकही गुण वाईट नाही. पुण्यात तेवीस वर्षं मी हेच काम करतो आहे आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलामुलीला मीही हेच शिकवत आलो. पण आपण बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस बसलेला असतो, त्याचं काय होतं हा प्रश्न या यादीत कुठेच नाही. उलट तो विचारणारा माणूसच ‘अनप्रोफेशनल’ ठरतो. ही समजूत मला चुकीची आणि घातक वाटते, आणि ती मोडून काढण्यासाठीच मी लिहितो आहे.

समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावं आणि मगच त्याचं खंडन करावं, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. तेव्हा पूर्वपक्ष असा. एक : मी फक्त कोड लिहितो, काय बनवायचं हे वरचे ठरवतात, त्यामुळे पापपुण्य त्यांचं. दोन : सॉफ्टवेअर म्हटलं की बग आलेच, प्रत्येक बगाला नीतीच्या तराजूत घातलं तर एकही रिलीज होणार नाही. तीन : खाल्ल्या मिठाला जागावं, कंपनीची उणीदुणी बाहेर काढणं ही बेइमानी आहे. चार : गृहकर्जाचा हप्ता दर पाच तारखेला जातो, नीती ही ज्यांना हप्ते नाहीत त्यांची चैन आहे. हे चारही मुद्दे मी चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि त्यातले दोन एके काळी मी स्वतःही मांडले आहेत. म्हणून त्यांना झटकून टाकता येत नाही.

पहिल्या मुद्द्याला फोक्सवागेनच्या प्रकरणात उत्तर मिळालं आहे. या कंपनीच्या डिझेल गाड्यांमध्ये असा प्रोग्रॅम होता, की गाडी प्रदूषण-चाचणीच्या यंत्रावर आहे की खऱ्या रस्त्यावर, हे तो ओळखत असे. चाचणीत धूर नियमात बसे; रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण अमेरिकेतल्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. जेम्स लियांग नावाच्या अभियंत्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. या कटाचा सूत्रधार तो नव्हता, असं त्याच्या वतीने सांगितलं गेलं, आणि ते खोटंही नसावं. तरी ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला चाळीस महिन्यांची कैद झाली.

या खटल्यातून कळतं ते असं. ‘गाडी चाचणीत पास झाली पाहिजे’ एवढा हुकूम वरून येऊ शकतो. पण स्टिअरिंग हलतं आहे की नाही, वेग कसा बदलतो, इंजिन किती वेळ चालू आहे, यावरून चाचणी ओळखायची आणि लबाडी करायची, हे कोणीतरी बसून लिहावं लागतं. वरच्यांना लबाडी हवी असते, पण ती कशी करायची हे त्यांना येत नसतं. ते कसब आपल्याकडे असतं, म्हणून जबाबदारीही आपल्याकडे येते. सराफाच्या कारागिराने हिणकस सोन्यावर शुद्धतेचा शिक्का मारला आणि ‘दुकान शेठचं आहे’ असं म्हटलं, तर आपण त्याला सोडून देऊ का?

दुसरा मुद्दा, म्हणजे ‘बग तर असणारच’, अर्धा खरा आहे आणि म्हणून जास्त फसवा आहे. त्याचा खोटा अर्धा भाग पाहायचा असेल तर ब्रिटनच्या पोस्टात जावं लागेल.

तिथे १९९९ पासून पोस्टाच्या शाखांमध्ये ‘होरायझन’ ही हिशोबाची संगणकप्रणाली बसवायला सुरुवात झाली. ती आयसीएलने बनवली होती, आणि आयसीएल जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती. तिकडे गावोगावचं पोस्ट बहुतेक ठिकाणी एखाद्या छोट्या दुकानातूनच चालतं. ते चालवणारा सबपोस्टमास्तर कराराने बांधलेला असतो. हिशोबात आलेली तूट त्याच्याकडूनच वसूल व्हायची. होरायझनच्या पडद्यावर अशा तुटी दिसू लागल्या. लोकांनी आधी गल्ल्यातून भर घातली, मग बचत मोडली, घरं गहाण टाकली. मदतीच्या क्रमांकावर फोन केला की अनेकांना ऐकायला मिळे, ‘हा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे.’

१९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. त्यांतले सुमारे सातशे खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच चालवले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीट इथे पोस्ट चालवत. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या, आणि तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्यांची शिक्षा रद्द व्हायला एप्रिल २०२१ उजाडावा लागला. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या समितीने जुलै २०२५ मध्ये आपल्या अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. या छळामुळे किमान तेरा माणसांनी जीव दिला असावा, अशी त्यात नोंद आहे.

आता आपल्यासारख्यांनी नीट ऐकावं अशी गोष्ट सांगतो. होरायझनमध्ये बग होते, ही बातमीच नाही. एवढ्या मोठ्या प्रणालीत ते असणारच, आणि त्याबद्दल कोणाला फासावर द्यावं असं मी म्हणत नाही. पण फुजित्सूच्या आत ‘ज्ञात चुकां’ची रीतसर नोंद ठेवली जात होती, आणि बाहेर न्यायालयात प्रणाली भक्कम असल्याचं सांगितलं जात होतं. शाखेच्या हिशोबाला बाहेरून कोणी हात लावू शकत नाही, असं पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं म्हणत राहिलं; फुजित्सूच्या ब्रॅकनेलमधल्या कार्यालयात बसलेल्या अभियंत्यांना तो हात लावता येत होता. रिचर्ड रोल या तिथल्याच माजी कर्मचाऱ्याने ते आधी जाहीरपणे आणि २०१९ मध्ये न्यायालयात सांगितलं. इंग्लंडच्या न्यायालयात संगणक बरोबर चालतो असंच धरून चालतात. तो चुकतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर पडतो. म्हणजे एखाद्या खेड्यातल्या बाईने काउंटरच्या अलीकडे बसून सिद्ध करायचं, की शंभर मैलांवरच्या सर्व्हरमध्ये काय बिघडलं आहे. अखेर ॲलन बेट्स या वेल्समधल्या माजी सबपोस्टमास्तराने ५५५ जणांना एकत्र आणून दावा लढवला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष निकालपत्रात नोंदवले.

तेव्हा बग ही चूक असते. माहीत असलेला बग ज्याच्या गळ्याशी आला आहे त्याच्यापासून लपवणं हा अपराध असतो. या दोहोंमध्ये गल्लत करून ‘बग असणारच’ हे वाक्य आपण ढालीसारखं वापरतो.

तिसरा मुद्दा मिठाचा. मिठाला जागणं हा आपल्याकडे मोठा गुण आहे आणि मी त्याला हलकं लेखणार नाही. पण मीठ कोणाचं, हे तर विचारू या. कंपनीचा पगार क्लायंटच्या पैशातून येतो, आणि क्लायंटचा पैसा शेवटी त्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाकडून येतो. पोस्टाचं तिकीट घेणारी म्हातारी, विम्याचा हप्ता भरणारा रिक्षावाला, दवाखान्याच्या बिलाच्या रांगेतली बाई हे आपले खरे अन्नदाते आहेत. आपल्या धंद्याच्या स्वतःच्या संहितेतही हाच क्रम आहे. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी आणि एसीएम या संगणक क्षेत्रातल्या संघटनांनी १९९९ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी आठ तत्त्वं मान्य केली. त्यांत पहिलं तत्त्व समाजाबद्दलचं आहे, आणि क्लायंट व मालक दुसऱ्या क्रमांकावर येतात. शिवाय ज्यांनी ‘निष्ठेने’ तोंड मिटलं त्यांनी पोस्ट ऑफिसचं तरी भलं केलं का? भरपाईचा आकडा एक अब्ज पौंडांच्या पुढे गेला, आणि शतकांची पत धुळीला मिळाली. पहिल्याच वर्षी कोणी ठामपणे ‘यात गडबड आहे’ म्हटलं असतं, तर तोच माणूस सगळ्यात मिठाला जागलेला ठरला असता.

चौथा मुद्दा पोटाचा. इथे मात्र मी आवाज खाली आणतो, कारण या ठिकाणी मी स्वतः पडलो आहे.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी विम्याचे दावे हाताळणाऱ्या एका प्रणालीच्या टेस्टिंगमध्ये होतो. रिलीजची तारीख सोमवारची. शुक्रवारी दुपारपासून टेस्ट एन्व्हायर्नमेंट बंद पडलं, आणि चाळीस टेस्ट केसेसपैकी अकरा चालवायच्या राहिल्या. मॅनेजर शांतपणे म्हणाले, “अरे, मागच्या रिलीजला पास झाल्या होत्या ना? मग तेच टाक.” घरी वडिलांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हप्ता सुरू झालेला. मी अकरा ठिकाणी ‘पास’ लिहिलं. सोमवारी रिलीज झाला आणि काहीही बिघडलं नाही. माझं खरं नुकसान तिथेच झालं. काही बिघडलं असतं तर मी हादरलो असतो. बिघडलं नाही, म्हणून ‘हे चालतं’ असा धडा मी शिकलो आणि पुढची काही वर्षं तोच धडा गिरवला. ज्या शहरात मी हे केलं त्या शहराने १२ जुलै १९६१ रोजी काम अपुरं असताना फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी अंगावर घेतलं आहे. न झालेलं काम झालं असं धरून चालण्याची किंमत निदान पुणेकराला कोणी समजावून सांगायला नको होती.

म्हणून हप्त्याचा मुद्दा मी खोटा म्हणणार नाही. आपला कायदाही इथे फारसा पाठीशी नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे आणि तोही अमलात आणला गेलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत व्यवस्था ठेवायला सांगितलं आहे, पण खालच्या फळीतल्या किती जणांना तिचा पत्ता माहीत असतो? डॉक्टरची मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असते, वकिलाकडे सनद असते. ती जाण्याची भीती त्यांना वरिष्ठाला ‘नाही’ म्हणायला बळही देते. सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात फक्त ओळखपत्राची फीत असते. अशा वेळी चोवीस वर्षांच्या मुलीने एकटीने कंपनीशी लढावं, हे मागणंच निर्दयपणाचं आहे.

पण या मुद्द्यात एक चोरवाट आहे. ‘नोकरी जाईल’ हे कारण आपण अशा जागीही देतो, जिथे नोकरी जाणार नसते. फक्त मीटिंगमध्ये पाच मिनिटं अवघड जाणार असतात. मला त्या अकरा ओळींसाठी कोणी काढून टाकलं नसतं. मॅनेजर चिडले असते, रिलीज दोन दिवस लांबला असता. मी हप्त्याची भीती सांगितली. खरी भीती नाराजीची होती. आपल्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात फोक्सवागेनचा प्रसंग कधीच येत नाही. येतात त्या अशा शुक्रवारच्या दुपारी.

आता मंडन. माझ्या मते व्यावसायिक माणूस तीन गोष्टींनी ओळखावा. पहिली, त्याची सही. जे स्वतः पाहिलं, चालवलं, तपासलं, त्यावरच तो सही करतो. टेस्ट रिपोर्ट असो, कोड रिव्ह्यू असो की दोन वर्षांचा अनुभव पाच वर्षं करून क्लायंटकडे पाठवायचा बायोडेटा असो. दुसरी, त्याचं वेळेवर आणि लेखी सांगणं. ज्याला नुकसान होऊ शकतं त्याच्यापर्यंत पोचेल अशा रीतीने, आरडाओरडा न करता, तारीख घालून लिहिलेल्या चार ओळींचा मेल. कॉफीच्या टपरीवर दिलेल्या शिव्या यात मोडत नाहीत. तिसरी गोष्ट वरिष्ठांसाठी आहे, आणि सगळ्यात मोठा भार तिथेच आहे : वाईट बातमी आणणाऱ्याला शिक्षा न करणं. प्रोजेक्टच्या अहवालाला आमच्यात ‘कलिंगड’ म्हणतात. बाहेरून हिरवा, कापला की लाल. अशी कलिंगडं खालची मुलं पिकवत नाहीत. लाल रंग दिसला की ज्यांच्या कपाळावर आठी येते, ते आम्ही मॅनेजर ती पिकवतो.

मघाशी सांगितलेले वक्तशीरपणा, सौम्य बोलणं, दिलेला शब्द पाळणं हे गुणही या तिन्हींच्या सोबत हवेतच. ते नसतील तर खरं बोलणाऱ्याचंही कोणी ऐकत नाही. पण त्यांच्यापाशीच थांबलो तर आपण फक्त शिस्तीत चुकीचं काम करणारी माणसं होऊ.

आज माझ्या हाताखाली टेस्टिंगची टीम आहे. टेस्ट केसपुढे निवडायला ‘पास’ आणि ‘फेल’ याखेरीज ‘नॉट रन’, म्हणजे चालवली नाही, असाही पर्याय असतो. तो त्या शुक्रवारीही माझ्या पडद्यावर होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. आता टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्याच दिवशी मी त्याला तो पर्याय दाखवतो आणि सांगतो, की अकरा ठिकाणी हे लिहावं लागलं तर लिही, क्लायंटशी मी बोलेन. गेल्या वर्षी एका मुलीने तसं लिहिलं. मी क्लायंटशी बोललो, रिलीज तीन दिवसांनी झाला, आणि त्या न चालवलेल्या केसेसपैकी दोन ‘फेल’ निघाल्या.