बारा तारांची मजुरी

गिटारच्या तारा बदलून देणं हे काम आपल्याकडे सायकलचं पंक्चर काढण्याच्या रांगेत बसवलं जातं. (पंक्चर काढणाऱ्यालाही आपण कुठे नीट मजुरी देतो, हा वेगळा विषय.) वाजवणारा तो कलावंत आणि तारा चढवून देणारा तो ‘दुकानातला माणूस’, अशी आपली सरळ विभागणी आहे. गिटार बारा तारांची आणि तीही इलेक्ट्रिक असेल, तर ही विभागणी किती पोकळ आहे ते तासाभरात कळतं. अडचण एवढीच की तेवढा वेळ शेजारी बसून बघणारे फार थोडे. बाकीचे गिटार टेकवतात आणि भाव पाडतात. सहा तारांचे जेवढे घेता त्याच्या दुप्पट घ्या, वर काय?

हा हिशेबच चुकीचा आहे. बारा म्हणजे सहाची दुप्पट हे पाढ्यात खरं आहे, गिटारवर नाही.

मुळात या बारा तारा म्हणजे सहा जोड्या. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्या शेजारी एक सप्तक वर लावलेली बारीक तार असते. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच जाडीच्या, एकाच सुराच्या. म्हणजे एका पाकिटात आठ-दहा वेगवेगळ्या जाडीच्या तारा निघतात आणि कोणती कुठे जाते हे पाहिल्याशिवाय हात घालता येत नाही. नवख्याला वाटतं, सगळ्यात खालची ‘ई’ ही सगळ्यात बारीक आणि सगळ्यात उंच सुराची असणार. तसं नसतं. ‘जी’च्या जोडीतली बारीक तार तिच्याही वरच्या सुरात लावतात. अनेक संचांत तिची जाडी अवघी ०.००८ इंच असते. ती दोन बोटांत धरली तर दिसत नाही, चावी जरा जास्त फिरली की तुटते आणि तुटताना डोळ्याच्या दिशेने येते. जाणता कारागीर ही तार चढवताना तोंड बाजूला करतो.

दुकानात ‘बारा तारांचा संच द्या’ एवढंच सांगितलं तर बहुधा साध्या लाकडी गिटारचा संच हातात पडतो. त्यातल्या जाड तारांवर ब्राँझचा वेढा असतो. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. तो पोलादाचं आणि निकेलचं कंपन ओळखतो, ब्राँझचं नाही. मग बारीक तारा कान फाडतात, जाड तारा कुजबुजतात आणि गिऱ्हाईक म्हणतो, गिटारच बिघडवून दिली. योग्य संच निवडणं हेही त्या माणसाच्या ज्ञानात मोडतं. त्याचे पैसे कुठल्याच पावतीवर लिहिलेले नसतात.

या वाद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीचं. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेले, तेव्हा कंपनीने आपली नवी बारा तारांची गिटार त्यांना दाखवली आणि ती जॉर्ज हॅरिसनकडे आली. त्याच वर्षीच्या ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये ती दिसते आणि ऐकूही येते. तो चित्रपट पाहून रॉजर मॅक्ग्विनने तशीच गिटार मिळवली आणि त्याच्या ‘द बर्ड्स’ या बँडची ओळखच या खणखणाटावर उभी राहिली. हे सगळं पुस्तकांत आहे. या गिटारवर तारा चढवणाऱ्याला काय करावं लागतं, हे मात्र कुणी कौतुकाने लिहीत नाही.

बारा चाव्या मावायच्या तर गिटारचं डोकं लांबलचक होतं आणि वाद्य त्या बाजूला झुकतं. रिकनबॅकरने त्यावर फार हुशारीचा तोडगा काढला. सहा चाव्या नेहमीसारख्या बाजूला ठेवल्या आणि बाकीच्या सहांची तोंडं मागे वळवली. त्यांच्यासाठी डोक्यात खाचा कोरल्या. दिसायला सुरेख. पण त्या खाचांमधून तार ओवायची, तिला दोन-तीन नीट वेढे द्यायचे, शेजारच्या तारेला धक्का लावायचा नाही आणि हे सगळं बोट जेमतेम शिरेल एवढ्या जागेत. शिवाय जोडीतल्या तारांचा क्रम इतर बहुतेक गिटारींच्या उलटा. इतरांत वरून खाली झंकार दिला की आधी बारीक तार वाजते, इथे आधी जाड. सवयीने उलट्या चढवल्या तर जाड तार बारीक तारेच्या खाचेत बसत नाही आणि जोर केला तर खाच बिघडते. घोडीची गंमत तर आणखी वेगळी. या गिटारच्या मूळ घोडीवर बारा तारांसाठी सहाच आधार होते. जाड आणि बारीक तारेला सूर बरोबर येण्यासाठी लागणारी लांबी वेगवेगळी, आधार मात्र एकच. म्हणजे दोघींपैकी एकीवर थोडा अन्याय ठरलेला. तो किती आणि कुणावर करायचा, हे कान ठरवतो. पुढे बारा आधारांची घोडीही मिळू लागली, पण मग बारा स्क्रू जुळवत बसणं आलं.

सगळ्या तारा एकदम काढाव्यात की एकेक, यावर गिटारवाल्यांत वाद आहेत. सगळ्या काढल्या म्हणून मान मोडत नाही. फ्रेटांची साफसफाई करायची असेल तर काढाव्याच लागतात. पण बारा तारांचा ताण एकदम उतरला की मान आपली जागा सोडते आणि नव्या तारांचा ताण आल्यावर पुन्हा हळूहळू वाकते. पहिली जोडी सुरात लावून सहाव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिली उतरलेली असते. पुन्हा पहिलीपासून सुरू. म्हणून साफसफाई नसेल तर एकेक जोडी बदलावी, हे माझं मत.

तारा चढल्या म्हणजे काम झालं असंही नाही. खरं काम तिथून पुढे आहे. नवी तार ताणते, उतरते, पुन्हा लावायची, हाताने हलकेच ओढायची, पुन्हा लावायची. मोबाइलवरचं यंत्र एकेका तारेचा सूर सांगतं. जोडी जुळवायची असेल तर दोन्ही एकत्र वाजवून ऐकाव्या लागतात. एक तार सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरी ४४१ वर असेल, तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. ही लाट थांबेपर्यंत, किंवा हवी तेवढी मंद होईपर्यंत चावी फिरवायची. अगदी एकजीव केली तर बारा तारांचं चांदणं जातं आणि जास्त सोडली तर बेसूर. हा मधला बिंदू कुठला, ते यंत्राच्या हिरव्या दिव्याला विचारून कळत नाही.

तंबोऱ्याशी संबंध आलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. मधल्या जोडाच्या दोन तारा एकाच षड्जात लावायच्या आणि तरी त्यांना जिवंत ठेवायचं, हे तंबोरा जुळवणारे पिढ्यानपिढ्या करत आलेत. योगायोग असा की ती बारा तारांची गिटार वाजवणारा हॅरिसन वर्ष-दीड वर्षातच सतारीकडे वळला आणि १९६६ मध्ये रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला. सतारीवर तर मुख्य तारा आणि तरफा मिळून अठरा-वीस तारा होतात. त्या चढवणं, जवारी काढणं, तरफा रागाप्रमाणे लावून देणं हे सगळं हुनर ज्या गावांनी जपलं त्यांत आपलं मिरज आहे. तिथल्या फरीदसाहेबांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले हात वाद्यांकडे वळले आणि सितारमेकर हे आडनावच होऊन गेलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. पण मानांकन वाद्याला मिळतं. जुना तंबोरा समोर ठेवून ‘जरा जवारी बघा’ म्हणणारा गवई तिथेही त्या तासांचे पैसे देताना अंग आखडून घेतो, ही तक्रार मी मिरजेत ऐकलेली आहे. वाद्य विकत घेताना दिसणारी दिलदारी दुरुस्तीच्या वेळी का आटते?

यावर एक प्रतिवाद ऐकायला मिळतो. तारा बदलणं प्रत्येक वादकाने स्वतः शिकावं, कुणाला पैसे देण्याचा प्रश्नच कशाला? शिकावं, जरूर शिकावं. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात ज्याची गिटार एखादा महिना घामेजल्या हाताने वाजली, त्याच्या तारांवर गंज चढतोच. दर वेळी कारागिराकडे कोण धावेल? पण स्वतः एकदा बारा तारा बदललेला माणूस घासाघीस करत नाही, हेही मी पाहिलं आहे. भाव पाडतो तो ज्याने कधी चावीला हात लावला नाही तो. त्यामुळे ‘स्वतः शिका’ हा सल्ला कारागिराला मजुरी नाकारण्यासाठी वापरता येत नाही.

आपल्या समाजात हाताने कमावणारे फार. शिलाई, वेल्डिंग, गॅरेज, फर्निचर. यातल्या प्रत्येक जागी हाच प्रकार चालतो. माल किती लागला ते विचारलं जातं, वेळ किती लागला ते नाही. वाद्यांच्या बाबतीत तो अधिक टोचतो, कारण तिथे समोरचा माणूस स्वतःला रसिक म्हणवत असतो. माझ्या ओळखीच्या एका गिटार-कारागिराने बारा तारांची गिटार घेणंच बंद केलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, ‘भाई, एका बारावालीत तीन सहावाल्या होतात.’ कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा त्याचा हिशेब पक्का होता. असे चार जण बंद झाले की शहरातल्या बारा तारांच्या गिटारी पलंगाखाली जातात. हल्ली तो पुन्हा घेतो, पण तासावर. आधी सांगतो, दोन तास लागतील, पटत असेल तर ठेवा. काही जण गिटार उचलून निघून जातात. जे थांबतात त्यांना तो स्टूल देतो.

तुमच्याकडे अशी गिटार असेल तर जून उजाडण्याआधी नेऊन द्या, दर ठरला असेल तो द्या आणि निघताना ‘जी’च्या जोडीतली ती ०.००८ ची तार एक जास्तीची मागून घ्या. आधी तीच तुटते.