घोड्याला कोण विचारतो?

तुमचा हात टेबलावर उभा धरा आणि फक्त मधल्या बोटाचे टोक टेबलाला टेकवा. आता अशी कल्पना करा, की सगळ्या शरीराचा भार त्या एका बोटावर आला आहे. घोडा असाच उभा असतो! त्याचा खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरे पाहता त्याचे मनगट आहे.

शर्यतीच्या घोड्याचे वजन सुमारे ५०० किलोग्रॅम असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने दौडताना त्याच्या पुढच्या एका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट, म्हणजे सव्वा टन भार येतो.

शर्यतीचे शौकीन म्हणतात, “घोड्याला पळायला आवडतेच की!” ते खोटे नाही. कुरणात मोकळा सोडलेला घोडा आनंदाने दौडतो. पण दमला की तो थांबतो. शर्यतीत केव्हा थांबायचे, हे घोडा ठरवीत नाही. माझ्या मते सारा प्रश्न इथेच आहे.

पुष्कळ घोडे दुसऱ्या वर्षीच शर्यतीत उतरवले जातात. त्या वयात त्यांच्या काही हाडांची वाढ चालू असते. बेताच्या व्यायामाने कोवळी हाडे बळकट होतात, हेही सिद्ध झाले आहे. परंतु भरधाव दौडीने हाडांत सूक्ष्म तडे जातात. ते भरून यायला विश्रांती लागते. ती मिळाली नाही, तर तडे वाढत जातात आणि एके दिवशी हाड मोडते.

माणसाचा पाय मोडला तर तो प्लास्टर घालून अंथरुणावर पडून राहतो. घोड्याला फार काळ आडवे पडून राहता येत नाही. तो उरलेल्या पायांवर भार टाकतो, आणि त्या पायांचे खूर आतून सुजून निकामी होऊ लागतात. अमेरिकेतील बार्बारो या घोड्याने २००६ साली केंटकी डर्बी जिंकली. दोनच आठवड्यांनी दुसऱ्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. उत्तम शस्त्रक्रिया झाली, महिनोन् महिने उपचार झाले. तरी खुरांच्या या दुखण्यामुळे जानेवारी २००७ मध्ये त्याला वेदनारहित मरण द्यावे लागले.

आता चाबकाचे पाहू. “घोड्याची कातडी जाड, त्याला काय लागते?” असे आपण ऐकतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० साली घोड्याची आणि माणसाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. वरच्या थराची जाडी आणि त्यातील मज्जातंतूंची टोके यांत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. मग फटक्याची वेदना आपल्याला होते तशी घोड्याला होत नाही, असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

सुधारणा अशक्य आहे असे मात्र नाही. नॉर्वेने १९८२ सालीच शर्यतीत चाबूक मारण्यास बंदी केली. तेथील शर्यती बंद पडल्या नाहीत. अमेरिकेत २००९ साली घोडे शर्यतीत उतरण्याच्या दर हजार वेळांमागे दोन घोडे दगावत असत. मृत्यूंची नोंद ठेवून त्यांची कारणे शोधली जाऊ लागली, आणि २०२३ साली हे प्रमाण १.३२ वर आले. म्हणजे जे मृत्यू टळले, ते आधीही टाळता आले असते!

म्हणून मला वाटते, आज जशा होतात तशा शर्यती क्रूर आहेत. चाबूक जावा, कोवळ्या वयात शर्यत नको, आणि प्रत्येक दुखापतीची नोंद लोकांसमोर यावी. एवढे करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी घोड्यावरील प्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत.

तुम्हांला हे पटलेच पाहिजे असे नाही. पण कधी शर्यत पाहिलीत, तर पहिला कोण आला एवढेच पाहू नका. शेवटी आलेला घोडा कसा पावले टाकत परत जातो, तेही पाहा. मग तुमचे मत तुम्हीच ठरवा.