काटा ओट्यावर ठेवा, ताटाखाली नको

माणमध्ये शनिवारी सकाळी दोन गोष्टी हमखास घडतात. फेज थ्रीचा रस्ता मोकळा दिसतो आणि कुणीतरी "आजपासून डाएट" असं जाहीर करतो. चार महिन्यांपूर्वी तो कुणीतरी मी होतो. हापिसच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वडिलांना मधुमेह होता, आणि तो घराचं काय करतो ते मी पाहिलंय. त्यामुळे या वेळी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून देता आला नाही.

मग काय, आपला नेहमीचा इंजिनिअरी उपाय! आधी यंत्र घ्या. मी ब्लूटूथवाला वजनकाटा मागवला. ताटलीत पदार्थ ठेवा, ॲप कॅलरी सांगणार. पहिल्याच रात्री आईच्या पोळ्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. एक ५१ ग्रॅम, दुसरी ४४. आणि मी अतिशहाणा बोलून गेलो, "आई, तुझ्या पोळ्यांत पंधरा टक्के व्हेरिएशन आहे."

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कणीक मळून ठेवलेली होती, शेजारी पोळपाट-लाटणं. "तूच लाट, म्हणजे सारख्या होतील."

मंडळी, त्या दिवशी मी जे नकाशे लाटले त्यांचं वजन सांगत नाही.

पण माझी खरी चूक फक्त उद्धटपणाची नव्हती, हिशोबाचीही होती. पोळीचं वजन म्हणजे पीठ अधिक पाणी. ३० ग्रॅम पिठाच्या पोळीत साधारण १०० कॅलरी असतात. ती तव्यावर जास्त वेळ राहिली तर पाणी उडून वजन कमी होतं, कॅलरी मात्र तेवढ्याच! भाताचं तर विचारूच नका. १०० ग्रॅम तांदळाचा अडीच-तीनशे ग्रॅम भात होतो. शिजलेल्या भाताचं वजन ॲपमध्ये कच्च्या तांदळाच्या नावावर टाकलंत तर हिशोब अडीच-तीन पटीने चुकला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी वगैरे, २७ ग्रॅम तेल-तूप असे आकडे आहेत. हे सगळं कच्चं वजन. म्हणजे मोजायची जागा ओटा आहे, ताट नाही.

आता काटा कुठला घ्यावा? इथे लोक पॉइंट एक ग्रॅमच्या मागे लागतात. अहो, पडद्यावर दशांश दिसणं वेगळं आणि काटा तितका अचूक असणं वेगळं. डबल व्हेरिएबलमध्ये टाकलं म्हणून चुकीचा आकडा बरोबर होतो का? तांदळात ५ ग्रॅमची चूक म्हणजे १७-१८ कॅलरी. कुणाला फरक पडतो! तेलात तीच चूक ४५ कॅलरींची, कारण स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणून काट्याची परीक्षा तेलावर घ्यायची.

आणि इथेच गंमत आहे. कढई काट्यावर ठेवून तेलाची बारीक धार सोडली तर बरेच काटे ती मोजतच नाहीत. हळूहळू वाढणारं वजन त्यांना सेन्सरचा चळ वाटतो आणि ते गुपचूप शून्यावर येतात. त्यावर उपाय सोपा. तेलाची बाटली काट्यावर ठेवा, टेअर दाबून शून्य करा, बाटली उचलून तेल कढईत ओता, बाटली परत ठेवा. उणे १८ दिसलं की १८ ग्रॅम तेल गेलं. गरम कढई काट्यावर नको, ॲपही नको.

तेव्हा माझी यादी एवढीच. क्षमता ५ किलो, कारण आपली पातेली आणि कुकर जड असतात. एक ग्रॅमपर्यंत वाचन. टेअर आणि उणे आकडा. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे पेन्सिल सेल. मिलिलिटरच्या बटणाकडे बघूसुद्धा नका, ते सहसा पाणी किंवा दूध धरून चालतं आणि तेल पाण्यापेक्षा हलकं. खात्री करायची असेल तर २०११ च्या मालिकेतली पाच रुपयांची दहा नाणी ठेवा. एक नाणं ६ ग्रॅमचं, म्हणजे ६० दिसायला हवेत. बाकी सगळी सजावट, आणि तिचे पैसे तुम्ही देताय.

यावर कुणी म्हणेल, "आमच्या आजीने कधी मोजलं नाही." खोटं! आजीच्या घरात चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली सगळं होतं. माणसामागे किती तांदूळ ते ठरलेलं होतं, आणि तेल पळीने पडायचं. आपण थेट पाच लिटरच्या कॅनमधून ओततो आणि वर आजीचा दाखला देतो. दीक्षित की दिवेकर या वादात आमच्या कँटीनमध्ये मैत्र्या तुटायच्या बाकी होत्या, पण आपल्या घरात महिन्याला तेल किती लागतं हे एकालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही.

शेवटी आईनेच सांगितलं. कॅन आणल्याची तारीख तिने कॅलेंडरवर लिहिलेली होती. ५ लिटर, ३ माणसं, ३३ दिवस. माणशी रोज ५० मिलि, म्हणजे ४६ ग्रॅम. २७ च्या वर १९ ग्रॅम जास्त, म्हणजे रोजच्या १७० कॅलरी. मी पोळीतले सात ग्रॅम पकडत बसलो होतो आणि चोर कॅनमध्ये होता! हे शोधायला काटाही लागला नाही, भागाकार लागला.

आता काटा ओट्यावर असतो आणि तो आई वापरते. बाटली ठेवते, ओतते, उणे आकडा मला मोठ्याने सांगते. परवाचा कॅन ४७ दिवस पुरला. माझं वजन साडेतीन किलो उतरलंय, रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. काय येईल माहीत नाही.

एवढं मात्र नक्की, की जेवणाऱ्याने ताटाशी काटा आणला की स्वयंपाक करणारी बाई आरोपी होते. तोच काटा तिच्या हातात दिला की ती हिशोबनीस होते. आणि आकड्यांनी तुमची झोप उडायला लागली, घास टाळावासा वाटायला लागला, तर काटा माळ्यावर टाका आणि डॉक्टरांशी बोला.

असो. पोळ्यांचं म्हणाल तर रविवारी मीच लाटतो. व्हेरिएशन चाळीस टक्के आहे. आई मोजत नाही, फक्त बघते.