मोडीत निघालेली नावे

दिवाळी तोंडावर आली की घरोघरचे माळे रिकामे होतात आणि भांडीवाल्याच्या तागडीत जुनी पितळ जाऊन पडते. या केरवाऱ्यात आपण काय काय घालवून बसतो, याविषयी मला चार कडू शब्द बोलायचे आहेत. फराळाच्या ताटावर कडू कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीला कारीट चिरडून जिभेला लावणाऱ्या आपल्या समाजाला तेवढी सवय असायला हरकत नाही.

निमित्त एका वाक्याचे. परवा एका लग्नघरी समलिंगी माणसांचा विषय निघाला, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ सुपारी कातरीत म्हणाले, "हे परदेशातून आलेले खूळ. आमच्या घराण्यात असले कोणी नव्हते." नव्हते, की आपण उरू दिले नाही? मला आमच्याच घरातला एक फिरकीचा तांब्या आठवला.

माझे मामा गिरगावातल्या चाळीत एका मित्राबरोबर पस्तीस वर्षे राहिले. दोघेही अविवाहित. त्या मित्राला आम्ही भाचरे काका म्हणत असू. २००४ साली मामा गेले. दिवसकार्य आटोपून काका गावी गेले, तेवढ्यात आम्ही खोली आवरली. तीत हा तांब्या निघाला. त्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी दोन नावे घातलेली : मामांचे आणि काकांचे, मध्ये 'व', खाली 'अक्षय्य तृतीया, १९६९'. भांड्यावर दोन नावे शेजारी शेजारी केव्हा घालतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मावशीने ते वाचले, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "याची फिरकी बसत नाही. मोडीत द्या." दिला. बदल्यात स्टीलची एक चाळणी आली.

माझे भांडण मावशीशी नाही. आधी पुरावा भट्टीत घालायचा आणि मग पुरावा कुठे आहे म्हणून छाती पुढे काढून विचारायचे, या सोज्वळपणाशी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जग डोक्यावर घेतलेला, लुगडे नेसलेला जोगत्या ज्यांच्या आजोबांच्या उंबऱ्याशी येऊन जोगवा मागून गेला, त्यांनी परदेशाच्या गोष्टी सांगाव्यात! परदेशातून आला तो कायदा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम १८६० च्या दंडसंहितेतले. सज्ञान माणसांच्या राजीखुशीपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर वायव्य प्रांतासारख्या मुलखात हिजड्यांची नावे-पत्ते नोंदवून घेतले, आणि नोंदलेल्याने बायकी कपडे वा दागिने घालून रस्त्यावर दिसणे हाच गुन्हा केला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ज्या बांगडीपायी तुरुंग, ती कोण जपून ठेवील? सरकारी दप्तरात आरोपी म्हणून त्यांची नावे राहिली. घरच्या फडताळात माणूस म्हणून राहिली नाहीत.

जपायचे ठरवले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. १९८७ साली एड्सने गेलेल्यांच्या आप्तमित्रांनी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एक अवाढव्य गोधडी पसरली. तीन फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे थडग्याच्या मापाचे १,९२० तुकडे. मरणारांत समलिंगी पुरुष फार होते. कोणाचा शर्ट, कोणाची विजार, कोणाचे खेळणे त्यात शिवलेले. आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरून वाढलेल्या आपल्याला यातले काही परके वाटू नये.

पण गोधडी शिवायची तर लुगडे हाती हवे ना! १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता दिली नाही. तेव्हा मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मागे राहिलेला जोडीदार वारस नव्हे. वारस कोण, तर भाऊ-बहीण, भाचे-पुतणे. आणि चाळीतला कारकून मृत्युपत्र करतो कुठे? ज्याने घड्याळ दिले त्याला ते मिळत नाही; ज्याला मिळते त्याला ते कोणी दिले हे ठाऊक नसते. किंवा पुरते ठाऊक असते, म्हणून तर ते विकले जाते.

पंधरा दिवसांनी काका परतले. कुलूप आमचे होते. खोलीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहून एवढेच विचारले, "आमचा तांब्या कुठं दिसला का रे?"

मावशी आत चाळणीने रवा चाळीत होती. मी म्हणालो, "कुठला तांब्या, काका?"