सायकलीला कर कशाचा, विमा कुणासाठी?

पुण्यात किंवा नाशकात सायकल मार्गिकेची, म्हणजे रस्त्याच्या कडेला केवळ सायकलींसाठी राखलेल्या पट्ट्याची, मागणी पुढे आली की तिच्यामागोमाग एक आक्षेप हमखास येतो. मोटारचालक रस्ताकर भरतो, विम्याचा हप्ता भरतो, सायकलस्वार यांपैकी काहीच भरत नाही. तेव्हा रस्त्यात वाटा मागण्याचा हक्क त्याला पोहोचतो कसा, असे विचारले जाते. वाहतुकीच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या या स्तंभाला हा आक्षेप हातावेगळा करून चालणार नाही, कारण त्यात कर आणि विमा हे दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत आणि त्यांची उत्तरे निरनिराळ्या दिशांना जातात.

सायकलीवर कर बसवता येत नाही असे मुळीच नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या 57व्या नोंदीने रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनांवर, मग ती यंत्राने चालणारी असोत वा नसोत, कर आकारण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. एके काळी अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक पट्टी घेत, ती भरल्याची खूण म्हणून सायकलीला धातूचा छोटा बिल्ला लावावा लागे, आणि बिल्ला नसलेली सायकल रस्त्यात अडवली जाई. ही पट्टी कालांतराने मागे पडली. अत्यल्प रकमेसाठी हजारो सायकलींची नोंद ठेवणे, बिल्ले वाटणे आणि तपासनीस उभे करणे हा व्यवहार कोणत्याही नगरपालिकेला परवडणारा नव्हता. आज सायकलींचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्येही 1924 साली असाच कर आला होता. प्रत्येक सायकलीमागे तीन गिल्डर भरून धातूचा पट्टा लावावा लागे. ज्यांची ऐपत नव्हती त्यांना तो फुकट मिळे, मात्र त्या फुकट पट्ट्याला भोक पाडलेले असे आणि सायकलस्वाराचे दारिद्र्य रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसे. हा कर 1941 साली बंद झाला. कमी उत्पन्नाच्या माणसाचे वाहन करपात्र ठरवले की सवलतीसाठी त्याला आपली गरिबी सिद्ध करावी लागते, हे त्या भोकावरून पुरेसे स्पष्ट होते.

करामागचे मूळ तत्त्व मात्र तपासले पाहिजे. महाराष्ट्रात मोटार वाहन कर 1958 च्या अधिनियमाखाली राज्य शासन घेते, तर पेट्रोल-डिझेलवरील उपकर केंद्राच्या रस्ते व पायाभूत सुविधा निधीत जातो आणि त्यातून प्रामुख्याने महामार्गांची कामे होतात. सायकलस्वार ज्या पेठांतून, वसाहतींतून आणि गल्ल्यांतून रोज जातो ते रस्ते महानगरपालिका बांधते, आणि तिच्या तिजोरीचा एक मोठा आधार मालमत्ता कर हा आहे, जो घरमालक थेट भरतो आणि भाडेकरू भाड्यातून भरतो. यंत्रमागावर जाणारा कामगार किंवा रात्रपाळीचा पहारेकरी वस्तू व सेवा करही भरतोच. सायकलीवरील हा कर सप्टेंबर 2025 मध्ये 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. रस्त्याचा खर्च सायकलस्वार देत नाही, हे विधान म्हणूनच वस्तुस्थितीला धरून नाही.

वापरानुसार कर हवा असा आग्रह असेल तर हिशेबही वापराचाच मांडावा लागेल. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रस्त्यांची जी प्रदीर्घ चाचणी झाली, तिच्यातून चतुर्थघात नियम पुढे आला: एका आसावर येणारा भार दुप्पट झाला तर डांबराची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. हा नियम ढोबळ आहे, परंतु प्रमाण समजण्यास तो पुरतो. स्वारासह 80 किलोची सायकल प्रत्येक आसावर 40 किलो भार टाकते, 1,200 किलोची मोटार 600 किलो टाकते. भार पंधरापट आणि झीज पन्नास हजारपटींहून अधिक. मोटार आणि भरलेला मालट्रक यांच्यातही अशीच दरी आहे, आणि त्या हिशेबाने पाहिल्यास मालट्रकासमोर मोटारचालकही रस्ता जवळपास फुकटच वापरतो. झिजेच्या प्रमाणात सायकलीला कर लावायचा म्हटले तर रक्कम पैशांतही मोजता येणार नाही.

विम्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तेथे आक्षेपात तथ्यही आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 146 ने सक्तीचा केलेला विमा त्रयस्थ पक्षाचा असतो, म्हणजे तो वाहनाच्या मालकाचे नव्हे, तर वाहनामुळे इजा झालेल्या तिसऱ्या माणसाचे रक्षण करतो. ही सक्ती वाहनाच्या धोक्यातून जन्मली: 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. सायकलीच्या धडकेनेही वृद्ध पादचाऱ्याचे खुब्याचे हाड मोडू शकते, आणि अशा पादचाऱ्याची अवस्था आज बिकट आहे. सायकल हे मोटार वाहन नसल्याने त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. त्याला दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावावा लागतो, आणि तो जिंकला तरी दूध घालणाऱ्या मुलाकडून वसूल काय होणार, हा प्रश्न उरतोच.

तरीही उपाय सक्तीचा नव्हे. देशातील निम्म्याहून अधिक मोटार वाहनांचा विमा चालू नसल्याचे संसदीय समितीनेच नमूद केले आहे. नोंदणी, क्रमांक, परवाना आणि दंड हे सर्व हाताशी असताना जी सक्ती पाळली जात नाही, ती क्रमांक नसलेल्या सायकलीवर पाळली जाईल ही अपेक्षा निराधार आहे. स्वित्झर्लंडचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथे सायकलीवर विम्याचे वार्षिक चिकटपत्र लावणे बंधनकारक होते आणि त्यातून वीस लाख फ्रँकपर्यंतच्या दायित्वाचे संरक्षण मिळत असे; बहुतेक घरांकडे खासगी दायित्व विमा आधीच असल्याने 2011 अखेर ही सक्ती संपली, आणि ज्याच्याकडे विमा नाही अशा सायकलस्वारामुळे इजा झालेल्याची जबाबदारी राष्ट्रीय निधीकडे आली. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अपघात निधीची तरतूद झालेली आहे. त्याची व्याप्ती सायकलीच्या धडकेतील गंभीर जखमींपर्यंत वाढवणे हा सरळ मार्ग आहे. असे अपघात तुलनेने थोडे असल्याने निधीवर पडणारा भारही बेताचाच राहील.

यापेक्षा मोठी उणीव दुसऱ्या बाजूला आहे. अज्ञात वाहनाने धडक देऊन पळ काढला तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे, आणि 2025 पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचारही आहेत. परंतु या दोन्ही योजना मोटार वाहनाच्या अपघातालाच लागू होतात. सायकलस्वाराचा अपघात पुष्कळदा तसा नसतो. रस्त्याची कड जवळून पाहावी: डांबराचा थर जेथे संपतो तेथे सिमेंटचे ठोकळे सुरू होतात, दोहोंच्या मध्ये बोटभर फट राहते, पुढे पर्जन्यवाहिनीच्या जाळीचे गज रस्त्याला आडवे न बसवता रस्त्याच्या दिशेतच उभे बसवलेले असतात, आणि मागून बसचा भोंगा वाजल्यावर सायकलस्वाराने नेमक्या त्याच कडेला सरकावे अशी सर्वांची अपेक्षा असते. पुढचे चाक जाळीच्या गजांत अडकले तर माणूस हँडलवरून तोंडावर पडतो, आणि कोणत्याही मोटारीचा स्पर्श झालेला नसल्याने यांतील एकही योजना त्याच्यासाठी नसते. वर्षाला वीस रुपयांच्या हप्त्यात दोन लाखांचे संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना त्याच्या बँक खात्यातून सुरू झालेली असेल, तर तेवढाच आधार. पण ती मृत्यू आणि अपंगत्व यांसाठी आहे, उपचारांसाठी नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या गटारांमुळे झालेल्या मृत्यूंसाठी सहा लाख, तर जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली, आणि रस्त्याची जबाबदारी ज्या यंत्रणेची तिच्याकडे बोट दाखवले. सायकलस्वारांच्या संघटनांनी आपला जोर या भरपाईच्या अंमलबजावणीवर लावला पाहिजे.

सक्तीच्या विम्याची सीमारेषा जेथे खरोखर आखावी लागेल ते क्षेत्र विजेवर चालणाऱ्या सायकलींचे आहे. ज्या सायकलीची मोटर 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, ती मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी, परवाना, विमा काहीच लागत नाही. वेगमर्यादेची कळ विक्रीनंतर काढून टाकलेली गाडी मात्र चाळिशीच्या वेगाने धावते आणि कागदोपत्री सायकलच राहते. तिच्या धडकेत सापडलेल्या पादचाऱ्याला विम्याचे संरक्षण मिळत नाही, म्हणून अशा गाडीला मोटार वाहन म्हणूनच वागवले पाहिजे, आणि ही तपासणी घरपोच सामान पोहोचवणाऱ्या मुलाला चौकात अडवून नव्हे, तर विक्रेत्याच्या दुकानात आणि त्या मुलाला कामावर नेमणाऱ्या कंपनीच्या दारात व्हायला हवी.