शेतीवाडी : लहान ट्रॅक्टरला कोणता बेलर?

देवासच्या पुढे सोनकच्छच्या बाजूस शेती असलेल्या आमच्या एका जुन्या वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. यजमान इंदुरास बँकेत, चिरंजीव पुण्यास. शेतीचा सारा व्याप बाईंच्या अंगावर. आठ एकर काळी जमीन, तीत सोयाबीन आणि गहू. नाल्याच्या काठी तीन एकर कुरण. गोठ्यात दोन म्हशी व तीन गाई. सासऱ्यांच्या वेळेपासून कुरणातले गवत विळ्याने कापून, पेंढ्या बांधून गंजी रचण्याचा परिपाठ होता. आता कापणारी माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तर ती नेमकी पाऊस येण्याच्या दिवशी मिळतात! घरी चोवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आहे. गवताचे चौकोनी गठ्ठे बांधणारा बेलर त्यामागे सहज चालेल, असे एका विक्रेत्याने सांगितले आहे. मात्र त्यासाठी कर्ज काढावे लागेल आणि तारण म्हणून त्या आठ एकरांतलाच तुकडा लिहून द्यावा लागेल. ‘सही करू काय?’ असा बाईंचा प्रश्न आहे.

प्रश्न एकट्या त्यांचा नाही. माळव्यात आपल्या मंडळींच्या जमिनी वाटण्या होत होत लहान झाल्या आणि ट्रॅक्टरही त्याच मापाने लहान झाले. म्हणून पत्राचे उत्तर येथेच देतो.

प्रथम चोवीस या आकड्याविषयी. ही इंजिनाची शक्ती. बेलर चालतो तो ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. शाफ्टवर, आणि तेथपर्यंत पोहोचताना शंभरातले पंधरा भाग तरी वाटेत खर्ची पडतात. म्हणजे हाती राहिले सुमारे वीस. नेमका आकडा विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी चाचणीच्या अहवालात पाहावा. सिहोर जिल्ह्यातील बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांचे प्रशिक्षण व परीक्षण करणारी संस्था १९५५ पासून आहे. बुदनी म्हटले की आपल्याला लाकडी खेळणी आठवतात. पण देशातील ट्रॅक्टरांची परीक्षाही तेथेच होते. शाफ्टवर प्रत्यक्ष किती शक्ती मिळाली, हायड्रॉलिकने किती वजन उचलले, हे सारे त्या अहवालात छापलेले असते.

आता चौकोनी गठ्ठ्याचा बेलर काय करतो ते पाहू. त्याच्या पोटात एक दट्ट्या असतो. तो मिनिटाला ऐंशी ते शंभर वेळा पुढे-मागे धावून गवत ठोकीत असतो. सरासरी काढली तर या कामास वीस अश्वशक्ती पुरेल असे कागदावर दिसते, आणि विक्रेते तोच कागद दाखवितात. पण दट्ट्या सरासरीने ठोकीत नाही. ज्या क्षणी तो गवतावर आदळतो त्या क्षणी मागणी कितीतरी पटीने वाढते. तो धक्का पेलण्यास यंत्रावर फ्लायव्हील नावाचे जड चाक असते खरे, तथापि ओळीतला एखादा दाट झुबका आत गेला की लहान इंजिन गुदमरते. म्हणूनच बहुतेक उत्पादक या प्रकारासाठी पस्तीसच्या वरचा ट्रॅक्टर मागतात, काही तर पंचेचाळीस-पन्नासचा.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात एडविन नोल्ट यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शेतातून गवत उचलून आपोआप बांधणारे यंत्र तयार केले. त्या काळचे पुष्कळसे बेलर स्वतःचे वेगळे इंजिन पाठीवर घेऊन फिरत, कारण पुढच्या ट्रॅक्टरच्या शाफ्टवर विसंबण्याजोगी स्थिती नव्हती. क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबे आणि त्याबरोबर शाफ्टही थांबे. ट्रॅक्टर उभा असतानाही शाफ्ट फिरत राहील अशी सोय १९४६-४७ च्या सुमारास कॅनडातील कॉकशट कंपनीच्या ट्रॅक्टरवर आली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडील लहान ट्रॅक्टरांपैकी कित्येकांना आजही सिंगल क्लचच असतो. गवताची रास पुढे आली, तुम्ही घाबरून क्लच दाबला, की बेलर अर्ध्या घासावर थांबतो. पुन्हा सुरू करताना भरल्या पोटाने सुरू करावा लागतो, आणि क्लचप्लेटचा वास शेतभर सुटतो. उलट बाजूने आणखी एक धोका असतो. क्लच दाबल्यावरही फ्लायव्हीलचा जोर शाफ्टवाटे ट्रॅक्टरला पुढे रेटीत राहतो. शाफ्टवर एकाच दिशेने पकडणारे कपलिंग बसविले तर हे रेटणे थांबते. पहिली अडचण मात्र तशीच राहते. डबल क्लच किंवा स्वतंत्र पी.टी.ओ. नसलेल्या ट्रॅक्टरमागे बेलर जोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यानंतर वजन. हा मुद्दा विक्रेता काढीतच नाही, म्हणून आम्ही काढतो. चोवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः टनाच्या आत-बाहेर भरतो. चौकोनी बेलर बहुधा त्याहून जड. लहान बैलांना मोठी गाडी जुंपली तर चढावर ती ओढवत नाही हे सर्वांना दिसते. जीव घेते ती उतारावरची गाडी, कारण तेथे ती बैलांना ढकलते. बाईंचे कुरण नाल्याकडे उतरते आहे, हे त्यांनी पत्रात सहज लिहून टाकले आहे. आम्हांस त्या एका वाक्याने झोप आली नाही.

मग लहान ट्रॅक्टरने काय करावे? त्याच्यासाठी लहान गोल बेलर मिळतात. त्यांत ठोकणारा दट्ट्या नसतो. रुळांमध्ये गवत गुंडाळत जाते, त्यामुळे शक्तीची मागणी हळूहळू चढते, धक्क्याने नव्हे. मात्र गठ्ठा पुरा झाला की थांबून सुतळी किंवा जाळी गुंडाळावी लागते आणि थांबल्यावरही शाफ्ट फिरत राहावा लागतो. म्हणजे डबल क्लचची अट येथेही आहेच. यंत्र हायड्रॉलिकवर उचलायचे असेल तर पुढची चाके हलकी पडतात. एकूण वजनाचा पाचवा भाग तरी पुढच्या आसावर राहिला पाहिजे; न राहिल्यास पुढे वजने टांगावीत. शिवाय लहान ट्रॅक्टरचे पोट जमिनीस जवळ असते, तेव्हा गवताच्या ओळी बारीक धराव्यात, नाही तर ट्रॅक्टरच ओळ ओढीत नेतो.

साठ सेंटिमीटर व्यासाचा आणि सत्तर सेंटिमीटर लांबीचा गोल गठ्ठा वाळक्या गवताचा असला तर वीस-बावीस किलो भरतो. हे वजन आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. यंत्र पुरुष विकतात, पुरुष विकत घेतात आणि गठ्ठे उचलावयाची वेळ येते तेव्हा घरी बाई असते! बावीस किलो दोघींना सहज उचलता येते. चाळीस येत नाही.

गवत केव्हा बांधावे याविषयी दोन शब्द अधिक, कारण आमच्या मावसभावाच्या शेतावर हे पाहिलेले आहे. रजक्याचे, म्हणजे लसूणघासाचे गठ्ठे अर्धवट ओले बांधून माळ्यावर दडपून ठेवले होते. तिसऱ्या आठवड्यात माळ्यावरून काकवीसारखा वास येऊ लागला. घरातल्यांना तो गोड वाटला. म्हाताऱ्या गड्याने मात्र तत्काळ गठ्ठे बाहेर फेकावयास लावले. मधले गठ्ठे आतून काळे पडले होते आणि एकातून वारा लागताच धूर निघाला. ओल्या गवतात सूक्ष्म जीव वाढतात, उष्णता कोंडते आणि शेवटी पेट घेते. ओल शेकडा पंधराच्या आसपास उतरेपर्यंत बांधू नये. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. गवताचे बोटभर तुकडे करून काचेच्या कोरड्या बरणीत भरावे, चमचाभर अगदी सुके मीठ घालावे, झाकण लावून दोन मिनिटे हलवावे. मिठाचे खडे झाले तर गवत ओले आहे. मीठ मोकळे राहिले तर बेलर बाहेर काढावा. मारवेल आणि पवन्या फुलावर येताच कापावे. कुसळी तर कुसळे धरण्यापूर्वीच, नाही तर जनावरांची तोंडे सोलतात.

गव्हाच्या काडासाठी मात्र बेलर घेऊ नये. हार्वेस्टरनंतर उभी राहिलेली नरवाई आधी कापावी लागते, मग ओळीत ओढावी लागते, मग बांधावी लागते, आणि इतके करून आपली जनावरे मागतात ती भूसाच. भूसा करणारे स्ट्रॉ रीपर भाड्याने मिळते, ते आणावे. नरवाई पेटवून देणे तर सोडाच; त्यास राज्यात बंदी आहे, आणि शेजाऱ्याच्या उभ्या पिकास ठिणगी लागली की पिढ्यांचा शेजार जातो.

राहिले कुरण. बाईंच्या अंदाजाने तीन एकरांत चार टन वाळके गवत निघते. म्हणजे सुमारे एकशे ऐंशी गठ्ठे. ताशी चाळीस धरले तरी पाच तासांत काम संपले. वर्षातील एका दिवसासाठी जमीन गहाण! भाड्याचा मोठा बेलर तीन एकरांसाठी नाल्याकाठी यावयास तयार होत नाही, ही बाईंची तक्रार खरी आहे. यंत्र जवळ असावे असे त्यांना का वाटते ते आम्ही समजतो. पण त्याच नाल्याच्या काठी चार घरांची कुरणे आहेत. चौघांनी मिळून एक लहान गोल बेलर घेतला आणि पाळी आधीच कागदावर लिहून ठेवली, तर कोणाच्याही सातबाऱ्यास हात लावावा लागणार नाही. येथे आम्ही सवयीने सातबारा म्हणतो. तिकडचा खसरा समजावा.

तेव्हा ताई, चौकोनी बेलरच्या कागदावर सही करू नका. गोल बेलरचा विक्रेता आला तर त्याच्या अंगणातले प्रात्यक्षिक पाहू नका. तुमच्याच ट्रॅक्टरमागे, तुमच्याच उतारावर, पोटात गठ्ठा पुरा भरलेला असताना चालवून दाखवावयास सांगा. इंजिनाचा आवाज बसतो काय आणि पुढची चाके वळताना जमिनीस धरून राहतात काय, एवढे पाहा. आणि ट्रॅक्टरला क्लच सिंगल आहे की डबल, हे पत्रात लिहावयाचे राहिले आहे. तेवढे उलट टपाली कळवावे.